हवा आत, गॅस बाहेर: कमी दाबाच्या एका चिलरच्या गळतीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मोठ्या रुग्णालयाच्या प्लँट रूममधलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. बाकी घटनाक्रम जसा घडला तसाच मांडतो आहे, त्यात माझी चूकही आली.

प्लँट रूममध्ये दोन सेंट्रिफ्यूगल चिलर होते, म्हणजे इमारत थंड ठेवण्यासाठी पाणी गार करणारी मोठी यंत्रं. त्यातला जुना, ५०० टन थंडावा क्षमतेचा, आर-१२३ या गॅसवर चालणारा. पूर्ण चार्ज, म्हणजे यंत्रात भरलेला एकूण गॅस, ४८० किलो. आर-१२३ वातावरणाच्या दाबाला सुमारे २८ अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणून त्याला कमी दाबाचा गॅस म्हणतात. इव्हॅपोरेटरमध्ये, म्हणजे पाणी गार करणाऱ्या भागात, तो ४-५ अंशांवर उकळत असतो, तेव्हा आतला दाब वातावरणाच्या जेमतेम चाळीस टक्के असतो. म्हणजे यंत्राचा अर्धा भाग कायम व्हॅक्यूममध्ये. यंत्र बंद असताना प्लँट रूम २२ अंशांवर असेल तर सगळंच यंत्र व्हॅक्यूममध्ये.

जास्त दाबाच्या यंत्रांवर हात बसलेल्या मेकॅनिकची इथे पहिली गफलत होते. आर-२२ किंवा आर-१३४ए च्या यंत्राला भोक पडलं की गॅस फुसफुसतो, तेलाचा डाग दिसतो, साबणाचा फेस येतो. कमी दाबाच्या यंत्रात भोकातून हवा आत ओढली जाते. बाहेर आवाज नाही, वास नाही, डाग नाही. ती हवा कंडेन्सरच्या (वाफेचा पुन्हा द्रव होतो तो भाग) वरच्या बाजूला साठते आणि तिथून तिला बाहेर काढायला पर्ज युनिट असतं. पर्ज हवा बाहेर टाकतं तेव्हा त्या हवेबरोबर थोडा गॅसही जातो. नव्या पर्जमध्ये हे प्रमाण अगदी कमी असतं, पण जुन्या पद्धतीच्या पर्जमध्ये हवेपेक्षा गॅसच जास्त जाऊ शकतो. या यंत्रावरचं पर्ज जुनं होतं.

आमची लेखी कार्यपद्धती अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यातल्या कलम ६०८ च्या नियमांवर बेतलेली आहे, कारण कमी दाबाच्या यंत्रांसाठी त्यात आकड्यांनिशी स्पष्ट मर्यादा आहेत. पुढे जे आकडे येतील ते तिथले.

काय दिसलं

यंत्र कमी थंड करतंय अशी तक्रार आली. आमच्या दुसऱ्या टीमने जाऊन १८ किलो गॅस टाकला. पुढे १२० दिवसांनी पुन्हा तीच तक्रार, या वेळी २२ किलो. दोन्ही कामांच्या कागदांवर सुपरवायझर म्हणून माझी सही आहे. दुसऱ्या वेळी गणित करायला हवं होतं आणि मी ते केलं नाही.

गणित सोपं आहे. टाकलेला गॅस भागिले पूर्ण चार्ज, गुणिले ३६५ भागिले मागच्या टॉप-अपपासूनचे दिवस. २२ भागिले ४८० म्हणजे सुमारे ४.६ टक्के. १२० दिवसांचं वर्षावर नेलं की सुमारे १४ टक्के. इमारत थंड ठेवणाऱ्या यंत्रांसाठी मर्यादा आहे १० टक्के. मर्यादा ओलांडली की गॅस टाकल्यापासून ३० दिवसांत गळती दुरुस्त करायची असते. हे गणित मी मांडलं ते २१ दिवसांनी, दुसऱ्याच एका कामासाठी फाइल उघडली तेव्हा. हातात नऊ दिवस उरले होते.

त्याच संध्याकाळी आमच्या ज्येष्ठ मेकॅनिकना घेऊन प्लँट रूममध्ये गेलो. त्यांनी सगळ्यात आधी कंडेन्सरमधल्या द्रव गॅसचं तापमान घेतलं. ३६ अंश. त्या तापमानाला आर-१२३ चा दाब वातावरणाच्या वर साधारण ५ पीएसआय (दाबाचं एकक) असायला हवा, आणि गेज दाखवत होतं साडेआठ. मधला फरक हवेचा. मग पर्जचा मीटर पाहिला. लॉगबुकमधल्या जुन्या नोंदींत पर्ज दिवसाला पाच-सात मिनिटं चालायचं, आता पन्नास मिनिटांच्या वर चालत होतं. जास्त चालल्यावर वाजणारा अलार्म कुणीतरी बंद करून ठेवला होता. कुणी आणि कधी, याची नोंद नव्हती.

पर्जच्या ड्रेनमधून त्यांनी थोडा द्रव काचेच्या बाटलीत घेतला आणि ती टॉर्चसमोर धरली. खाली गॅस, वर वेगळा तरंगणारा थर. आर-१२३ पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड असतो, त्यामुळे वरचा थर पाण्याचाच. तो बोटभर जाड होता.

"हवेबरोबर इतकं पाणी येत नाही," ते म्हणाले. "ट्यूब गेलीय."

इव्हॅपोरेटरच्या ट्यूबमधून पंपाच्या दाबाने चिल्ड वॉटर फिरतं आणि बाहेरच्या बाजूला गॅस व्हॅक्यूममध्ये असतो. ट्यूबला सुईएवढं छिद्र पडलं तरी पाणीच आत येतं. आत ओलावा आला की अॅसिड तयार होतं, मोटरचं वाइंडिंग आणि बेअरिंग खराब होतात. म्हणजे गळत्या किमान दोन होत्या. एक हवा आत घेत होती आणि दुसरी पाणी.

पहिला निर्णय: चालू ठेवायचं की थांबवायचं

रुग्णालयाच्या देखभाल अभियंत्यांचं म्हणणं होतं की उन्हाळा संपेपर्यंत गॅस टाकत राहा, मग बघू. त्यांची अडचण खरी होती. दुसरा चिलर एकटा पूर्ण भार घेऊ शकत नव्हता, आणि शस्त्रक्रियागृह उकडलं तर त्याचा जाब त्यांनाच द्यावा लागणार होता.

मी त्यांना गणिताचा कागद दाखवला, पण नियमापेक्षा त्या बाटलीने त्यांचं मत लवकर बदललं. पाणी आत येत असताना यंत्र चालवलं तर मोटर जाऊ शकते, आणि मग काही दिवसांऐवजी काही महिने यंत्र बंद राहील, हे त्यांना लगेच पटलं. शस्त्रक्रियागृह आणि अतिदक्षता विभाग दुसऱ्या चिलरवर, कार्यालयं आणि बाह्यरुग्ण विभागाचा भार कमी, आणि आम्हाला सलग सात दिवस, असं ठरलं. यंत्र त्याच रात्री थांबवलं. चिल्ड वॉटरचे व्हॉल्व्ह बंद करून इव्हॅपोरेटरमधलं पाण्याचं दडपणही काढलं. ते ठेवलं असतं तर बंद यंत्रात रात्रभर पाणी शिरत राहिलं असतं.

दुसरा निर्णय: गळती शोधायची कशी

व्हॅक्यूममधल्या यंत्राची गळती डिटेक्टरने सापडत नाही, कारण बाहेर काही येतच नाही. आतला दाब वातावरणापेक्षा थोडा वर न्यावा लागतो. तो कसा न्यायचा यावर आमच्यात बराच वेळ बोलणं झालं.

आमचा नवा मदतनीस सकाळीच नायट्रोजनचा सिलिंडर आणि रेग्युलेटर लावून तयार होता. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं, इतर यंत्रांवर तो तेच करत आला होता. होज जोडलेला, व्हॉल्व्ह उघडायचा बाकी. ज्येष्ठ मेकॅनिकनी त्याचा हात धरून थांबवलं आणि त्याला इव्हॅपोरेटरवरची रप्चर डिस्क दाखवली. ती १५ पीएसआयला फुटते. फुटली की अख्खा चार्ज व्हेंट पाइपमधून बाहेर. म्हणूनच कमी दाबाच्या यंत्राची चाचणी १० पीएसआयच्या वर कधीच नेत नाहीत. रेग्युलेटरवर हात थोडा जास्त फिरला की हे अंतर संपतं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. चार्ज आत असताना नायट्रोजन सोडला की तोही हवेसारखाच न थिजणारा वायू. चाचणी झाल्यावर तो बाहेर काढावा लागतो आणि त्याच्याबरोबर गॅस जातो. गळती शोधण्यासाठी स्वतःच गळती करायची, असा तो प्रकार. यंत्रात गॅस असताना दाब वाढवायचा तर गॅसलाच गरम करायचं, नियंत्रित गरम पाण्याने किंवा यंत्राच्या स्वतःच्या हीटिंगने.

पण आमच्यापुढे पेच होता. गरम पाणी फिरवायचं ते इव्हॅपोरेटरच्या ट्यूबमधूनच, आणि त्यातली एक ट्यूब फुटलेली. नेहमीच्या पंपाने पाणी फिरवलं तर आणखी पाणी आत ढकललं जाणार. आधी सगळा गॅस काढून रिकाम्या यंत्राची चाचणी करायची, हा दुसरा मार्ग. तो स्वच्छ होता, पण फुटक्या ट्यूबमधून रिकव्हरीच्या, म्हणजे गॅस काढून साठवण्याच्या, वेळी हवा आत ओढली गेली असती. खोल व्हॅक्यूम गाठता आला नसता आणि रिकव्हर केलेल्या गॅसमध्ये हवा मिसळली असती.

शेवटी मधला मार्ग काढला. मुख्य लाइनपासून इव्हॅपोरेटर तोडला आणि छोट्या तात्पुरत्या पंपाने, अगदी कमी दाबाने, ३३ अंशांचं पाणी फिरवलं. पाणी परत उघड्या टाकीत पडत होतं, त्यामुळे ट्यूबमध्ये दडपण साचत नव्हतं. चार तासांत शेलमधला (ट्यूबभोवतीच्या बाहेरच्या टाकीतला) दाब सुमारे ३ पीएसआयला आला. गरम पाण्याच्या टाकीजवळ आणि शेलच्या गेजजवळ एकेक माणूस उभा केला होता. पाणी ३८ अंशांवर गेलं की दाब ६ च्या वर आणि ४३ अंशांवर गेलं की १० ला पोचतो, हा तक्ता भिंतीला चिकटवला होता.

मग पाणी सोडून दिलं आणि वॉटर बॉक्सच्या (ट्यूबच्या टोकाशी पाणी जमतं तो भाग) ड्रेन व्हॉल्व्हच्या तोंडाशी डिटेक्टर धरला. तो लगेच वाजला.

बाहेरून शोधताना मोटरच्या टर्मिनलजवळ आणखी एका ठिकाणी वाजला. ओ-रिंग कडक होऊन चिरली होती, हवा तिथूनच आत येत होती. टर्मिनलची गळती आधी सापडली असती तर आम्ही कदाचित तिथेच थांबलो असतो. एक कारण हातात आलं की शोध सैल पडतो. बाटलीतल्या पाण्याने आम्हाला थांबू दिलं नाही.

एक्झॉस्ट फॅन पूर्ण चालू ठेवून वॉटर बॉक्सचं झाकण काढलं. ट्यूबच्या तोंडांवरून डिटेक्टर फिरवत दोष असलेली ट्यूब शोधली आणि तिच्या दोन्ही टोकांना रबरी बुच बसवले. तेवढ्या वेळात थोडा गॅस गेला. तो टाळता आला नाही. दाब ३ च्या वर न नेण्याचं कारण हेच होतं, आणि बुच बसताच थंड पाण्याने शेल पुन्हा वातावरणाच्या दाबाखाली आणला. टर्मिनलच्या जागेवर तात्पुरता सीलंट लावला.

सुरक्षितता

आर-१२३ वापरताना बिनधास्त राहायची सवय अनेकांना लागते, कारण तो बाहेर पडला तरी फवारा उडत नाही. ड्रममध्ये तो जवळजवळ पाण्यासारखा दिसतो. पण विषारीपणाच्या वर्गवारीत तो बी-१ मध्ये, म्हणजे जास्त विषारी गटात येतो. आठ तासांच्या कामासाठी त्याची मर्यादा ५० पीपीएम धरली जाते. त्याची वाफ हवेच्या पाचपट जड असते, म्हणून ती जमिनीलगत आणि खड्ड्यात साठते. गुंगी येते, जास्त प्रमाणात हृदयाचे ठोके बिघडतात, आणि खोलगट जागेत ऑक्सिजनच उरत नाही. प्लँट रूममधला सेन्सर माणसाच्या डोक्याच्या उंचीवर होता. आम्ही पहिल्याच दिवशी तो गुडघ्याखाली आणला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मदतनीस ड्रमजवळच्या पाण्याच्या खड्ड्यात पडलेला पाना काढायला वाकला. खड्डा कमरेइतका खोल. सेन्सर वाजला तसं ज्येष्ठ मेकॅनिकनी त्याला कॉलर धरून मागे ओढलं. त्याला काही झालं नाही, पण ओठ पांढरे पडले होते आणि बराच वेळ तो काही बोलला नाही. पाना खड्ड्यातच राहू दिला, फॅन चालवून, मोजमाप घेऊन दुसऱ्या दिवशी काढला. आता आमच्या यादीत खड्ड्यांवर झाकणी टाकणं हे काम सुरू होण्याआधीचं कलम आहे.

ड्रमबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. खोली २८ अंशांच्या वर असेल तर आर-१२३ च्या ड्रममध्ये दाब असतो. बुच एकदम उघडलं तर तो उसळतो. आधी ड्रम थंड करायचा, मग बुच हळू सैल करायचं. आणि कुठलंही भांडं ८० टक्क्यांच्या वर भरायचं नाही.

गॅस काढणं, आणि एक चूक

तेलापासून सुरुवात केली. तेलात गॅस विरघळलेला असतो, थंड तेल काढलं तर तो तेलाबरोबर बाहेर जातो. हीटरने तेल ५४ अंशांपर्यंत नेलं, गॅस त्यातून निघून गेल्यावर तेल काढलं.

आधी द्रव काढायचा, मग वाफ. द्रव निघाला की बरेच जण काम संपलं समजतात. इथे एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. ३५० टनांच्या आर-११ च्या (हाही कमी दाबाचा जुना गॅस) यंत्रातून सगळा द्रव काढला आणि आत वातावरणाचा दाब असला, तरी सुमारे ४५ किलो गॅस वाफेच्या रूपात शिल्लक असतो. १९९३ च्या नोव्हेंबरनंतर बनलेल्या रिकव्हरी मशीनने कमी दाबाचं यंत्र २५ मिलिमीटर पारा निरपेक्ष दाबापर्यंत उतरवायचं असतं. त्या दाबाला ४५ किलोंचे सुमारे दीड किलो उरतात. नियमाचा आकडा कुठून आला हे त्या मदतनिसाला एवढ्या भागाकारानेच समजलं.

वाफ काढताना आतला दाब ३३ किलोपास्कलच्या खाली गेला की आर-१२३ चं उकळण्याचं तापमान शून्याच्या खाली जातं. तेव्हा ट्यूबमध्ये पाणी स्थिर उभं असेल तर ते गोठून ट्यूब फुटतात. म्हणून पाणी एकतर सतत फिरतं ठेवायचं किंवा पूर्ण काढायचं. इव्हॅपोरेटर आम्ही रिकामा ठेवला होता. कंडेन्सरमध्ये पाणी फिरतं ठेवलं, कारण वाफ निघायला उष्णताही हवी.

रात्री पावणेबाराच्या सुमारास कंडेन्सरचा पंप बंद पडला. इमारतीच्या विजेच्या दुसऱ्या एका कामासाठी पॅनेल बंद केलं होतं आणि आम्हाला कुणी कळवलं नव्हतं. रिकव्हरी मशीन वेगळ्या लाइनवर असल्याने चालतच राहिलं. पंपाचा आवाज थांबल्याचं मदतनिसाच्या लक्षात आलं. त्याने आधी गेज पाहिलं नाही, कुणाला विचारलं नाही, सरळ रिकव्हरी मशीनचा स्विच बंद केला आणि मग हाक मारली, "सर, पाणी थांबलंय!" लॉगवरून पाहिलं तर चार मिनिटं गेली होती. शेलमधला दाब तेव्हा इतका कमी होता की गॅसचं उकळण्याचं तापमान शून्याच्या खाली गेलं होतं.

आम्ही कंडेन्सरचा ड्रेन उघडला आणि पंप परत सुरू होईपर्यंत वाट पाहिली. नंतर कंडेन्सरच्या ट्यूबचीही चाचणी घेतली, त्या शाबूत निघाल्या. त्या मुलाने स्विच बंद केला नसता तर या लेखात एका इव्हॅपोरेटरऐवजी दोन एक्स्चेंजरची दुरुस्ती लिहावी लागली असती.

पहाटे २५ मिलिमीटर गाठले. मशीन बंद करून थांबलो तर दाब पुन्हा चढू लागला, म्हणजे कुठल्यातरी खोबणीत द्रव अजून होता. दोनदा पुन्हा ओढलं, मग तो टिकला. वजन केलं, पाणी वेगळं केलं: ४७३ किलो गॅस, तीन लिटरच्या आसपास पाणी.

दुरुस्ती आणि चाचण्या

इव्हॅपोरेटरच्या सगळ्या ट्यूबची एडी करंट तपासणी (विजेच्या प्रवाहाने भिंतीतले दोष पाहणारी) करून घेतली. फुटलेल्या ट्यूबच्या शेजारी आणखी एका ट्यूबची भिंत पातळ निघाली. दोन्ही ट्यूब दोन्ही टोकांना निमुळते पितळी प्लग ठोकून बंद केल्या. टर्मिनलची ओ-रिंग बदलली, आणि वय पाहून शेजारच्या साइट ग्लासचं गॅस्केटही. जुन्या पर्जच्या जागी जास्त कार्यक्षम नवं पर्ज बसवायला रुग्णालयाने मंजुरी दिली.

आता यंत्रात गॅस नव्हता, त्यामुळे नायट्रोजन वापरायला हरकत नव्हती. ८ पीएसआयला साबणाच्या पाण्याने सगळे सांधे पाहिले आणि रात्रभर दाब धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी व्हॅक्यूम पंप लावला.

गेज १७ मिलिमीटरपर्यंत आलं आणि तासन्‌तास तिथेच बसलं. मदतनीस निराश झाला, त्याला वाटलं अजून गळती आहे. पण २० अंशांच्या खोलीत पाण्याचा वाफदाब साधारण १७ मिलिमीटरच असतो. आत राहिलेलं पाणी उकळत होतं आणि संपेपर्यंत गेज हलणार नव्हतं. घाई करून मोठा पंप लावला तर ते पाणी बर्फ होऊन आतच अडकतं. कंडेन्सरमधून कोमट पाणी फिरवलं, पंपाचं तेल तीनदा बदललं. दीड दिवसाने गेज एकदम खाली घसरलं. १ मिलिमीटरवर पंप बंद केला आणि बारा तास थांबलो. तेवढ्या वेळात दाब २.५ मिलिमीटरच्या वर गेला तर गळती शोधायची असते. आमचा १.६ वर थांबला.

काढलेल्या गॅसची ओलावा आणि अॅसिडची तपासणी केली, ड्रायरमधून फिरवून स्वच्छ केला आणि त्याच यंत्रात भरला. मालक तोच असेल तर हे चालतं. दुसऱ्या मालकाला द्यायचा असता तर तो नव्या गॅसच्या शुद्धतेच्या प्रमाणावर रिक्लेम करून घ्यावा लागला असता. भरताना सुरुवात वाफेने केली, शेलमधलं उकळण्याचं तापमान शून्याच्या वर गेल्यावरच इव्हॅपोरेटरच्या खालच्या व्हॉल्व्हमधून द्रव सोडला. खोल व्हॅक्यूममध्ये थेट द्रव सोडला असता तर तो लगेच उकळून ट्यूब गोठल्या असत्या. नवा गॅस सात किलो लागला.

निष्पत्ती

टॉप-अपपासून मोजलेल्या २९ व्या दिवशी यंत्र चालू झालं. दुरुस्तीनंतरची पहिली पडताळणी आम्ही गॅस भरण्याआधीच केली होती. यंत्र नेहमीच्या स्थितीत आल्यावर दहा दिवसांच्या आत दुसरी केली. पर्ज पहिल्या आठवड्यात उरलेली हवा काढत थोडं जास्त चाललं, नंतर दिवसाला दोन मिनिटांवर आलं. सगळी कागदपत्रं तीन वर्षं जपायची आहेत, आणि मर्यादा ओलांडल्यामुळे या यंत्राची वर्षातून एकदा गळतीची तपासणी करायची आहे.

मोठा प्रश्न यंत्राच्या भवितव्याचा होता. आर-१२३ हा एचसीएफसी, म्हणजे ओझोनला धोका असलेल्या वायूंच्या गटातला. १९८७ च्या माँट्रियल करारानुसार विकसित देशांत २०२० नंतर तो फक्त जुन्या यंत्रांच्या देखभालीपुरता बनतो, तोही २०३० पर्यंत. विकसनशील देशांत त्याच टप्प्यांची वर्षं २०३० आणि २०४०. रुग्णालयाने आर-१२३३झेडडी वर चालणाऱ्या नव्या चिलरचा प्रस्ताव मागवला आहे. तोही कमी दाबाचाच गॅस, उकळण्याचं तापमान १८ अंशांच्या आसपास, ओझोनला नगण्य धोका, विषारीपणाच्या वर्गवारीत ए-१, म्हणजे कमी विषारी गटात. जुन्या यंत्रातला गॅस तेव्हा काढून रिक्लेम होऊ शकेल, कारण तो आता कोरडा आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, माझी सही. दुसरा टॉप-अप झाला त्याच दिवशी गणित करायचं होतं. २१ दिवस वाया गेले, आणि त्या २१ दिवसांत त्या जुन्या पर्जमधून गॅस वातावरणात जात राहिला. आता आमच्या टॉप-अपच्या फॉर्मवर गळतीचा दर लिहायची जागा आहे. ती रिकामी असेल तर सही होत नाही.

पहिल्याच तक्रारीला पर्जची मिनिटं पाहिली असती तर पुढचे २२ किलो टाकावे लागले नसते. कमी दाबाच्या यंत्रात गळतीची पहिली खबर पर्ज देतं. तो आकडा दर आठवड्याला लिहिला पाहिजे, आणि अलार्म बंद करायचाच असेल तर कुणी, का आणि किती दिवसांसाठी, हे लॉगबुकमध्ये यायला हवं.

कंडेन्सरच्या पंपाबाबत आम्ही माणसाच्या कानावर विसंबलो. आता रिकव्हरी मशीनची वीज फ्लो स्विचमधून घेतो. पाणी थांबलं की मशीन आपोआप बंद. ही जोडणी अर्ध्या तासाची आहे आणि ती त्या रात्रीआधी करणं सहज शक्य होतं.

गरम पाण्याने दाब वाढवण्याच्या निर्णयावर आमच्यात अजून दोन मतं आहेत. ज्येष्ठ मेकॅनिकचं म्हणणं, इव्हॅपोरेटरच्या शेलला बाहेरून हीटिंग ब्लँकेट लावले असते तर ट्यूबमध्ये पाणी न्यावंच लागलं नसतं, तीन लिटरऐवजी दोनच निघालं असतं. ब्लँकेट आमच्याकडे नव्हते, मागवायला चार दिवस लागले असते आणि मुदत नऊ दिवसांची होती. मी त्या दिवशी पुन्हा तोच निर्णय घेतला असता. पण २१ दिवस आधी गणित केलं असतं तर ब्लँकेट मागवायला वेळ होता, हे त्यांचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही. गेल्या महिन्यात आम्ही एक संच विकत घेतला.

ज्या मदतनिसाने स्विच बंद केला तो आता कमी दाबाच्या यंत्रांच्या प्रमाणपत्राची तयारी करतोय. त्या चिलरच्या लॉगबुकमध्ये दर सोमवारी पर्जची मिनिटं त्याच्याच अक्षरात असतात. काल मी पाहिली तेव्हा शेवटची नोंद होती: २ मिनिटं, ड्रेनमध्ये पाणी नाही.